वुल्फ ओढ्याकाठचा पाहुणचार

अमेरिकेतले वायोमिंग राज्य क्षेत्रफळाने सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे पाच हिस्से केले तर त्यातले चार हिस्से भरतील एवढे. पण माणसे किती? सहा लाखांच्या आत. एकट्या सोलापूर शहरात याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. त्यामुळे मोटारीतून जाताना मैलच्या मैल गवताळ माळ, तारेचे कुंपण, पवनचक्कीवर चालणारा एखादा पाण्याचा हौद नि त्याभोवती काळी गुरे, एवढेच दिसत राहते. घर दिसले की मुले बोट दाखवतात, “ते बघा घर!” आपल्याकडे घर दिसले नाही तर बोट दाखवावे लागेल.

माझी मुलगी आणि जावई कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरी असतात. तिथून उत्तरेला निघालो. शायन, कॅस्पर, बफेलो अशी गावे मागे टाकत सात तासांनी बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याच्या शेरिडन या गावी पोचलो. हे बफेलो वायोमिंगमधले. याच नावाचे मोठे शहर न्यूयॉर्क राज्यात आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल. शेरिडनपासून अठरा मैलांवर, जिथे सपाट माळ संपतो नि डोंगर एकदम भिंतीसारखा उभा राहतो, तिथे वुल्फ नावाचा ओढा घळीतून बाहेर पडतो. त्या ओढ्याच्या काठी ईटन घराण्याचा रँच आहे. तिथे आम्ही तीन दिवस पाहुणे म्हणून राहिलो. पैसे देऊन पाहुणे. हा ‘पैसे देऊन’ भागच या लेखाचा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

रँच म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्या मळ्यासारखी ही जागा नव्हे. रँच म्हणजे गुरे आणि घोडे पाळण्यासाठी राखलेले शेकडो-हजारो एकरांचे रान. पीक म्हणाल तर गवत, आणि ओढ्याकाठच्या सपाट तुकड्यांत वैरण. ईटनांचा रँच सुमारे सात हजार एकरांचा आहे. आपल्याकडचा माणूस हे ऐकून डोळे विस्फारतो. पण तिथे वर्षाचा पाऊस चौदा-पंधरा इंच, बर्फ धरून. आणि थंडीचा कडाका टळून पीक उभे राहील असे दिवस जेमतेम चार महिने. अशा जमिनीवर एक गाय वर्षभर जगवायला बरेच एकर लागतात. एकरांचा आकडा ऐकताना पावसाचा आकडाही ऐकावा, हे मी गावोगावच्या मेळाव्यांत नेहमी सांगत आलो आहे.

गाडीतून उतरलो तेव्हा संध्याकाळ होती. पहिली जाणवली ती वासाची ओळख. जोतिबाच्या यात्रेला दवण्याचा वास दरवळतो तसा, पण अधिक कडवट. मी झुडपाचे पान चुरगळून हुंगले. सेजब्रश म्हणतात त्याला. राखाडी-निळसर, गुडघ्याएवढे झुडूप, सगळ्या माळावर पसरलेले. हे झुडूप आणि आपला दवणा एकाच कुळीतले, वनस्पतिशास्त्रात दोघांचेही आडनाव आर्टेमिसिया. गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, हरणे मात्र हिवाळ्यात त्यावर जगतात. सौभाग्यवतींनी एक डहाळी तोडून पिशवीत ठेवली. म्हणाल्या, “देवाला चालेल की नाही ठाऊक नाही, पण वास तर देवघरातलाच आहे.”

आता या जागेचा इतिहास.

हॉवर्ड, ऑल्डन आणि विलिस हे तिघे ईटन बंधू मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचे. शहरी, बऱ्या घरचे. १८७९ साली हॉवर्ड पश्चिमेकडे गेला आणि तेव्हाच्या डकोटा मुलखात, लिटल मिसूरी नदीकाठी त्याने बस्तान बसवले. पाठोपाठ भाऊ आले. त्यांच्या रँचचे नाव होते कस्टर ट्रेल, कारण १८७६ साली सेनापती कस्टरची फौज त्याच वाटेने गेली होती. तो मुलूख म्हणजे मातीच्या रंगीबेरंगी सुळक्यांचा, ओसाड. पण शिकार भरपूर. हॉवर्डने घरी पत्रे लिहिली, ती पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि मग काय विचारता! मित्र, मित्रांचे मित्र, मेहुणे, मेहुण्यांचे साडू, सगळे आगगाडीत बसून येऊ लागले. आठवडा राहतो म्हणून आलेला माणूस महिना राही. घोडा द्यायचा, जेवण द्यायचे, अंथरूण द्यायचे. एका वर्षात बावीसशे जेवणे फुकट गेली, असा हिशेब त्या घराण्याच्या कथेत सांगतात.

पाहुण्याला ‘आता पुरे’ कसे म्हणायचे? ते तर आपल्याकडेही जमत नाही. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या, मग गुळाचा खडा, मग चहा. घरात पीठ आहे की नाही हे चुलीपाशी बसलेल्या बाईलाच ठाऊक. ईटन बंधूंनाही तसाच संकोच होता. कोंडी फुटली ती एका पाहुण्यामुळे. १८८२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचे बर्ट रम्सी नावाचे गृहस्थ आले होते. त्यांना पुष्कळ दिवस राहायचे होते. फुकट राहायला त्यांचा जीव ओशाळला, म्हणून त्यांनीच आग्रह धरला की माझ्या राहण्याचे पैसे घ्या, म्हणजे मला मोकळ्या मनाने राहता येईल. पैसे घेतले गेले. पाहुण्यांच्या रँचचा धंदा अमेरिकेत तिथपासून सुरू झाला असे मानतात, आणि ईटनांचा रँच या प्रकारातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो.

मला या गोष्टीतला बारकावा मोलाचा वाटला. पैसे मागितले यजमानाने नव्हे, देऊ केले पाहुण्याने. आणि तेही मोकळेपणाने राहता यावे म्हणून. आपल्याकडे हुरड्याचे काय झाले ते आठवा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पौषात शेतावर आगटी पेटायची, शहरातले नातेवाईक यायचे, कोवळी कणसे भाजून हातावर मळून द्यायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. जाताना वर पिशवी भरून भाजी. पैशाचे नाव काढले असते तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी जेवण टाकले असते. आज त्याच शेताच्या बांधावर पाटी असते आणि माणशी दर लिहिलेला असतो. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. ज्वारी कोवळी असताना मोडायची म्हणजे कणीस आणि मजुरी दोन्ही जाते, ती कोणी भरून द्यायची? पण दर लावला की यजमानाच्या अंगी एक जबाबदारी येते, पाणी स्वच्छ, संडास स्वच्छ, वेळ पाळलेली. पुष्कळ ठिकाणी पाटी लागते आणि ही जबाबदारी तेवढी विसरली जाते.

त्या डकोटातल्या दिवसांची आणखी एक हकिकत आहे, ती मी वाचकांना मुद्दाम सांगणार आहे, कारण ती वैरणीची आहे. १८८३ साली थिओडोर रूझवेल्ट नावाचा न्यूयॉर्कचा तरुण रानरेड्याच्या शिकारीला तिथे आला आणि मुलूख आवडून त्याने तिथेच गुरांत पैसा घातला. तो ईटनांचा शेजारी. पुढे १९०१ साली तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्या काळी रान कोणाच्या मालकीचे नव्हते, कुंपण नव्हते. ज्याने जितकी गुरे सोडावी तितकी. चारा फुकट, म्हणून गुरे वाढतच गेली. १८८६चा उन्हाळा कोरडा गेला. गवत आधीच खुरटलेले. कोणीही वैरणीची गंजी रचलेली नाही, कारण गुरे हिवाळ्यातही बर्फ उकरून चरतात असा अनुभव. आणि मग नोव्हेंबर १८८६मध्ये वादळे सुरू झाली. बर्फावर बर्फ, त्याचा वरचा थर काचेसारखा कडक. गुरांचे खूर फाटले, तोंडे रक्ताळली, वाऱ्याच्या दिशेने चालत जाऊन ती घळीत, नदीकाठी साठून मेली. वसंतात नदीचा बर्फ फुटला तेव्हा पाण्यातून मेलेली गुरे वाहत होती. रूझवेल्टची निम्म्याहून अधिक गुरे गेली. कित्येक मोठ्या कंपन्या बसल्या.

हे वाचताना मला २०१२-१३च्या दुष्काळातल्या मराठवाड्यातल्या चारा छावण्या आठवल्या. तिथे बर्फ, इथे ऊन. पण गव्हाण रिकामी ती रिकामीच. त्या हिवाळ्यानंतर त्या मुलखाने तीन गोष्टी केल्या. कुंपणे घातली, गुरांची संख्या गवताच्या हिशेबाने कमी केली, आणि ओढ्याकाठी वैरण पिकवून गंजी रचायला सुरुवात केली. आजही जुलै महिन्यात तिकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यंत्राने बांधलेले वैरणीचे गोल गठ्ठे दिसतात. ती लसूणघास आणि रानगवताची मिसळ असते. उन्हाळ्यातले लोकांचे सगळे बोलणे कापणीभोवती फिरते. कापलेले गवत वाळत असताना पाऊस आला तर त्यांचेही चेहरे आपल्यासारखेच पडतात.

१९०४ साली ईटन डकोटा सोडून वायोमिंगमध्ये, वुल्फ ओढ्यावर आले. पाहुण्यांचा धंदा आता खरा धंदा झाला होता आणि पाहुण्यांना हिंडायला झाडी, पाणी, डोंगर हवे होते. गंमत अशी की राहायच्या खोल्या पुऱ्या व्हायच्या आत जुने पाहुणे तिथे हजर झाले आणि तंबू ठोकून राहिले, असे तिथे सांगतात. शेरिडनला १८९२पासून आगगाडी होतीच. हॉवर्ड ईटन घोड्यांचे तांडे घेऊन पाहुण्यांना यलोस्टोन आणि पुढे ग्लेशियर या सरकारी राखीव उद्यानांत नेऊ लागला. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट या तेव्हाच्या नामवंत कादंबरीकार बाई १९१५ साली त्याच्याबरोबर ग्लेशियरच्या डोंगरांतून घोड्यावरून गेल्या आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. बाईमाणसाने घोड्यावर बसून आठवडेच्या आठवडे डोंगर पालथे घालावेत याचे तेव्हा त्यांच्याकडेही नवलच होते. हॉवर्ड १९२२मध्ये वारला. यलोस्टोनमधल्या एका लांबलचक पायवाटेला पुढच्याच वर्षी त्याचे नाव दिले गेले. तो अविवाहित होता. रँच भावांच्या वंशात राहिला आणि आजही घराण्याकडेच आहे.

अशा रँचना तिकडे ‘डूड रँच’ म्हणतात. डूड म्हणजे शहरातला इस्त्रीचा माणूस. आपल्याकडे पांढरपेशा म्हणतात तसे काहीसे. थोडी थट्टा, पण जिव्हाळ्याची. अशा मालकांनी १९२६ साली मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी एकत्र येऊन संघटना काढली. रेल्वे कंपन्यांचाही तिला पाठिंबा होता, कारण पाहुणा आधी त्यांच्या गाडीत बसे. पुढे १९३०नंतरच्या मंदीत गुरांचे भाव कोसळले तेव्हा अनेक घरे पाहुण्यांच्या पैशावर तरली. तिथली एक जुनी थट्टा आहे: गाईपेक्षा पाहुणा पाळलेला बरा, कारण हिवाळ्यात त्याला वैरण घालावी लागत नाही!

आमचा मुक्काम लाकडाच्या एका जुन्या खोलीत होता. अशा चाळीस-पन्नास खोल्या ओढ्याच्या काठाने, कॉटनवुडच्या झाडांखाली विखुरलेल्या आहेत. शंभराहून जास्त पाहुणे एका वेळी राहू शकतात, पण गजबज वाटत नाही. पडवी आहे, पडवीत खुर्च्या आहेत, आणि रात्रभर ओढ्याचा आवाज. झोपताना दोन घोंगड्या लागल्या, आणि महिना कोणता? जुलै. रँचला स्वतःचे पोस्ट आहे, छोटे दुकान आहे. जेवण सगळ्यांचे एकत्र. घंटा झाली की निघायचे. करोडपती असो की मास्तर, लांब टेबलावर शेजारी शेजारी. पहिल्या जेवणाला आमच्या शेजारी एक म्हातारे जोडपे होते. ते चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात येत होते. आधी आईबापांबरोबर आले, मग मुलांना घेऊन, आता नातवंडांना. आपल्याकडे कुलदैवताला जातात तसे ते रँचला जातात. अशा घराण्यांवरच अशी जागा टिकते. एकदा येऊन फोटो काढून जाणाऱ्यांवर नव्हे.

जेवणाचे म्हणाल तर मांस भरपूर. आम्ही शाकाहारी. स्वयंपाकघरात सांगितल्यावर त्यांनी घेवड्याच्या उसळीसारखे काहीतरी, बटाटा, मका, ताजा पाव, कच्च्या भाज्या असे मुबलक दिले. मिठाशिवाय चवीचा विचार मात्र फारसा केलेला नाही. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणलीच होती. दुसऱ्या दिवशी ती चटणी टेबलावर फिरू लागली. स्वयंपाकीणबाई बाहेर येऊन विचारून गेल्या की यात काय काय आहे. लसूण, तिखट, मीठ, दाणे नि उखळ, असे माझ्या मुलीने सांगितले. उखळाला इंग्रजीत शब्द आहे, पण उखळात कुटलेल्या चटणीच्या चवीला नाही, असे सौभाग्यवतींचे मत पडले.

सकाळी घोडे. रँचवर दोनशेच्या आसपास घोडी-घोडे आहेत. तुम्ही आलात की पागेवरचा माणूस तुम्हाला निरखतो, पूर्वी कधी बसला होता का विचारतो, वजनाचा अंदाज घेतो, आणि मुक्कामभर एकच घोडा तुमच्या नावे करून देतो. माझ्या वाट्याला एक बदामी रंगाचा म्हातारा आला. मी भीमथडीच्या तट्टांच्या मुलखातला, पण आमच्या घरात बैल होते, घोडा नव्हता. तिकडचे खोगीर आरामशीर असते, पुढे धरायला शिंग असते. शिंग धरून बसणे कमीपणाचे समजतात. मी खुशाल धरले. बहुतेक रँचवर पाहुण्यांना रांगेत, वाटाड्यामागून नेतात. ईटनांच्या रँचची ख्याती अशी की ज्याला घोडा सांभाळता येतो त्याला आपापले हिंडू देतात. आम्ही अर्थात वाटाड्याबरोबरच गेलो.

वाट ओढ्याच्या घळीतून वर चढते. दोन्ही बाजूंना कडे, खाली पाण्याचा घोष, चिवट पाइनची झाडे. आपल्या सह्याद्रीतल्या घाटवाटा आठवतात, पण इथला दगड वेगळा, फिकट चुनखडीचा. वरच्या बाजूला जंगलखात्याचे राखीव रान आहे, १८९७ साली राखलेले. क्लाउड पीक हे त्यातले सर्वांत उंच शिखर १३,१६७ फूट, जुलैतही अंगावर बर्फाचे पट्टे घेऊन उभे. अर्ध्या चढावर थांबलो. खाली सगळा माळ पिवळट-हिरवा पसरलेला. वाटाड्याने उत्तरेकडे हात केला. त्या दिशेला, मोंटानाच्या हद्दीत लिटल बिगहॉर्न नदी आहे. तिथे २५ जून १८७६ रोजी लाकोटा आणि शायन लोकांनी कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. आणखी जवळ, रँचेस्टर गावात, २९ ऑगस्ट १८६५ रोजी सरकारी फौजेने अरापाहो लोकांच्या वस्तीवर हल्ला केला होता. त्या वस्तीत बायका-मुले होती. हा डोंगर क्रो लोकांचा, त्यांच्या शेजाऱ्यांचा. रान ‘कोणाच्याच मालकीचे नव्हते’ असे मी वर लिहिले ते गोऱ्या मालकांच्या बाजूने. ज्यांची गुजराण त्या रानावर होती त्यांना हटवल्यावरच ते बेवारस ठरले. पाहुणचाराच्या गोष्टीत हेही यायला हवे.

परतताना मी वाटाड्याला गवताविषयी विचारले. तो विशीचा मुलगा, पण गवताची माहिती चोख. त्यांचा हिशेब असा: एक गाय नि तिचे वासरू महिनाभर जे खाईल ते एक माप. कुठल्या कुरणात किती मापे आहेत त्यावर किती गुरे, किती दिवस, हे ठरते. सरकारी रानात चरायला परवाना लागतो नि तोही याच मापात मिळतो. आणि ढोबळ नियम म्हणजे गवताची निम्मी वाढ खायला, निम्मी राखायला. राखलेली पाने पुढच्या वर्षीची मुळे जगवतात. आपल्या गायरानात नि डोंगरावर चराईबंदी घालून झाल्यावर गावाला जे शहाणपण येते ते हेच. फरक एवढा की आपल्याकडे गायरान सगळ्यांचे असल्यामुळे निम्मे राखायचे कोणी, हा वाद मिटत नाही.

पाण्याचा कायदा मात्र मला कठोर वाटला. वायोमिंग १८९० साली राज्य झाले. तेव्हाच घटनेत लिहिले की पाणी राज्याच्या मालकीचे. एलवुड मीड हे त्यांचे पहिले राज्य अभियंता. त्यांनी पाण्याच्या हक्कांची नोंदवही लावून दिली. जो आधी पाट काढून पाणी वापरात आणेल त्याचा हक्क आधी. ओढा आटला की ज्याची नोंद शेवटची त्याचे दार आधी बंद. जुन्या हक्कदाराला त्याचे पूर्ण माप मिळाल्याशिवाय नव्याला थेंब नाही. आपल्या धुळे-नाशिक भागातली पांझराकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना फरक लगेच कळेल. फडात पाणी कमी झाले तर पिकाखालचे क्षेत्रच सगळ्यांचे कमी होते, टंचाई वाटून घेतली जाते. त्यांच्याकडे हक्क पक्का असल्याने माणूस निर्धास्तपणे पाटावर पैसा घालतो. आपल्याकडे शेजारी उपाशी राहत नाही. मला विचाराल तर मी फडाच्या बाजूचा. पण त्यांची नोंदवही आपल्याकडे असती तर कालव्याच्या शेवटच्या टोकाचे किती तंटे वाचले असते, हेही खरे.

सौभाग्यवतींचे लक्ष दुसरीकडे होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, “अहो, एवढ्या लोकांचे हे अंथरूण-पांघरूण धुते कोण?” प्रश्न रास्त होता. उत्तर असे की उन्हाळ्यापुरती तरुण मुले-मुली पगारावर कामाला येतात, कॉलेजात शिकणारी. खोल्या झाडणे, वाढणे, घोडे धरणे. कामाचे तास ठरलेले. घरच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी हा भार अंगावर घेतलाच असणार, कारण जुन्या रँचच्या कथांत मालकाच्या टोपीचे जितके वर्णन असते तितके मालकिणीच्या चुलीचे नसते. पण आज ते काम पगारी आहे, हिशेबात धरलेले आहे.

आपल्याकडे २००५च्या सुमारास बारामती भागात कृषी पर्यटनाचे प्रयोग सुरू झाले आणि २०२० साली राज्य शासनाने त्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून अनेक शेतकरी मला विचारतात, “साहेब, आपणही चार खोल्या बांधाव्यात का?” मी त्यांच्याबरोबर कागदावर खर्च मांडायला बसतो. खोल्यांचे बांधकाम येते, रंग येतो, पाटी येते, कर्जाचा हप्ता येतो. पहाटे चारला उठून तीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी त्या कागदावर येत नाही. ती मांडायला लावली की नफ्याचा आकडा खाली येतो आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. एका घरी बाईच म्हणाल्या, “माझे घालू नका, नाहीतर धंदा व्हायचाच नाही.” तो कागद मी तसाच ठेवून आलो. त्या धंद्याचा निर्णय त्या दोघांनी करायचा, पण आकडा दोघांना दिसलेला असावा.

ईटनांच्या धंद्याला हंगाम आहे, हीही मोठी गोष्ट. जूनमध्ये सुरू, सप्टेंबरअखेर बंद. मग पाहुणे नाहीत. घोड्यांच्या पाठी मोकळ्या होतात, त्यांना दूर खालच्या कुरणांत हिवाळ्याला सोडतात. मे महिन्यात सगळा कळप शंभरेक मैल हाकत परत आणतात. वाट शेरिडन गावाच्या भर रस्त्यातून जाते आणि त्या दिवशी गाव रस्त्याच्या कडेला उभे राहून घोडे बघते. हिवाळ्यात लाकूडकाम, कुंपणे, कातड्याची खोगिरे शिवणे. घरच्या माणसांना आपले घर परत मिळते. बारा महिने पाहुणे हवेत असा सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

जमिनीच्या वाटण्यांचाही विषय निघाला. तिकडे बरीच घराणी जमीन कुटुंबाच्या कंपनीच्या नावे ठेवतात. भावाला जमिनीचा तुकडा मिळत नाही, वाटा मिळतो. त्यामुळे रान अखंड राहते. भांडणे नसतात असे नाही. पण भांडण झाले तरी ओढ्यात कुंपण पडत नाही. आपल्या सातबाऱ्यावर अर्ध्या एकराला सात नावे बघणाऱ्या मला हे ऐकताना हेवा वाटला.

शेवटच्या दिवशी पहाटे साडेपाचला जागा झालो. घोडे रात्री वरच्या कुरणात सोडतात आणि पहाटे दोघे-तिघे जाऊन त्यांना खाली आणतात. आधी जमीन हलल्यासारखा आवाज, मग धूळ, मग धुळीतून सगळा कळप उताराने येतो नि कुंपणात शिरतो. एक म्हातारा फाटकापाशी उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता. मी विचारले, “रोज मोजता?” तो म्हणाला, “एक कमी असला तर तो लंगडत कुठेतरी उभा असतो. त्याने आपण होऊन सांगायला येऊ नये ना.” माझा बदामी म्हातारा सगळ्यांत शेवटी, सावकाश आला.

न्याहारी झाल्यावर जावईबापूंनी कचेरीत जाऊन बिल चुकते केले. मग आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी निरोप घ्यायला गेलो. सौभाग्यवतींनी उरलेली चटणी कागदात बांधून स्वयंपाकीणबाईंना दिली. त्या आत गेल्या आणि एक काचेची बरणी घेऊन आल्या. तिकडे ओढ्याकाठी चोकचेरी नावाची काळपट रानफळे लागतात, त्यांचा त्यांनी स्वतः केलेला मुरंबा होता. जावयाने खिशात हात घातला तर त्यांनी नुसती मान हलवली. मुरंबा आंबट-तुरट आहे, आपल्या करवंदांच्या जवळ जाणारा. भाकरीबरोबर चांगला लागतो.